गाणं कुणाच्या तोंडी? अण्णासाहेब किर्लोस्करांची पाच वर्षं

'संगीत सौभद्र'च्या प्रयोगातून मी मध्यंतरात उठून आलो होतो. कोणतं नाट्यगृह, कोणती संस्था, हे सांगत नाही, कारण चूक त्यांची एकट्यांची नव्हती. रंगमंचावर कृष्ण रुसलेल्या रुक्मिणीची समजूत काढत होता. निदान कथेनुसार तरी. प्रत्यक्षात कृष्ण प्रेक्षकांकडे तोंड करून ताना घेत होता, पेटीवाला त्याला साथ देत होता, पुढच्या रांगेतले आजोबा मान डोलावत होते आणि रुक्मिणी कोचावर बसून वाट पाहत होती. पाच मिनिटं झाली, सात झाली. समजूत कुणाची काढायची आहे, हेच सगळे विसरले होते. रुक्मिणीच्या जागी मी असतो तर खरोखरच रुसलो असतो.

मी हिंजवडीत फेज तीनला काम करतो. लॉकडाऊनमध्ये आमच्या टीममधल्या सगळ्यांनी 'हॅमिल्टन' पाहिलं आणि पुढचे कित्येक महिने आम्ही त्यावरच बोलत होतो. लिन-मॅन्युएल मिरांडा या माणसाने संवाद, गीतं आणि संगीत एकट्याने रचलं, अमेरिकेच्या इतिहासातल्या पुढाऱ्यांच्या तोंडी रस्त्यावरचं रॅप घातलं, आणि एकही गाणं गोष्ट थांबवत नाही, याचं आम्हाला केवढं अप्रूप! तेव्हा एकजण सहज म्हणाला, "आपल्याकडे असं काही का नाही?" मीही मान हलवली. 'सौभद्र'चा तो अर्धा प्रयोग माझ्या डोक्यात ताजा होता.

या लेखात मला ती मान हलवणं मागे घ्यायचं आहे.

झालं असं की कंपनीची बस भूमकर चौकात नेहमीप्रमाणे अडकलेली असताना मी 'सौभद्र'ची संहिता फोनवर उघडली. जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवलेली असतात, तशी एक प्रत. कुतूहल एवढंच की त्या पदाच्या आधी आणि नंतर नेमकं लिहिलंय काय. वाचलं तर ते पद जेमतेम काही ओळींचं. आधी संवाद, नंतर लगेच संवाद. मधली सात मिनिटं पुस्तकात नव्हतीच. ती नंतरच्या लोकांनी भरली होती.

मग मी हा लेखक कोण, हे शोधायला लागलो. पुण्यात 'किर्लोस्कर' म्हटलं की पंप आणि इंजिनं आठवतात. ते लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली ज्या गुर्लहोसूरला जन्मले, त्याच गावात, आजच्या बेळगाव जिल्ह्यात, ३१ मार्च १८४३ रोजी बळवंत पांडुरंग किर्लोस्कर जन्मले. हेच अण्णासाहेब. घराच्या आजूबाजूला कानडी, घरात मराठी. शिकायला पुण्यात आले, पण शिक्षणापेक्षा नाटकमंडळ्यांना पदं रचून देण्यात जास्त रमले. पुढे बेळगावात शिक्षकी केली, तिथे हौशी नाटकमंडळी काढली, 'शांकरदिग्विजय' नावाचं गद्य नाटक लिहिलं, 'अल्लाउद्दिनाची चितुरगडावरील स्वारी' अर्धवट सोडलं. मग पुण्यात रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी. म्हणजे १८८० सालचे अण्णासाहेब हे सदतिशीतले, सरकारी नोकरीतले, दोन-चार अर्धेमुर्धे प्रयत्न गाठीशी असलेले गृहस्थ होते. आमच्या बसमध्ये असे बरेच जण भेटतील.

त्या वर्षी पुण्यात एका पारशी नाटक कंपनीने उर्दू 'इंद्रसभा'चा खेळ लावला. तो पाहून अण्णासाहेबांच्या मनाने घेतलं की असं मराठीत झालं पाहिजे. कालिदासाचं 'शाकुंतल' त्यांनी मराठीत पदांसह उतरवायला घेतलं आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात पहिले चार अंक रंगमंचावर आणले. चौथा अंक म्हणजे शकुंतला सासरी निघते तो. पुढचे तीन अंक यायचे होते. त्या रात्रीचे प्रेक्षक कण्वाने मुलीला दिलेला निरोप मनात घेऊनच घरी गेले असणार. २ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेब वारले. मधला काळ पाच वर्षं आणि दोन दिवस. संगीत नाटककार म्हणून त्यांची सगळी कारकीर्द एवढीच. त्यात 'शाकुंतल', 'सौभद्र' आणि तीन अंकांवर थांबलेलं 'रामराज्यवियोग' अशी अडीच नाटकं.

अडीच नाटकांत असं काय केलं, की पुढची पन्नास वर्षं मराठी माणूस नाटक म्हणजे संगीत नाटकच समजत राहिला? 'पहिलं संगीत नाटक' हे उत्तर पाठ्यपुस्तकी आहे आणि वादग्रस्तही. सोकर बापूजी त्रिलोकेकरांचं 'नल-दमयंती' एक वर्ष आधी, १८७९ मध्ये मुंबईत आलं होतं. शिवाय मराठी नाटकात गाणं नव्हतं असं कधी नव्हतंच. अण्णासाहेब जन्मले त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं आणि ते गाण्यांनीच भरलेलं होतं.

पण भाव्यांच्या नाटकात गायचा तो सूत्रधार. तो पदांतून कथा सांगायचा, राम आला, सीता लाजली, रावण गरजला, आणि पात्रं त्या बरहुकूम वावरायची, ऐनवेळी सुचेल तसं बोलायची. सीतेचं दुःख सीतेच्या वतीने सूत्रधार गात असे. अण्णासाहेबांनी हे गाणं सूत्रधाराकडून काढलं आणि ज्याचं त्याला दिलं. शकुंतलेचं शकुंतलेला, दुष्यंताचं दुष्यंताला. गंमत अशी की त्यांच्या नाटकात सूत्रधाराची भूमिका ते स्वतः करत. म्हणजे ज्याच्या हातात सगळी गाणी होती, त्यानेच ती वाटून टाकली.

आज हे किरकोळ वाटतं, कारण आपण ते गृहीत धरतो. पण यामुळे गाण्याचं कामच बदललं. तिऱ्हाईताने गायलेलं गाणं वर्णन करतं. पात्राने गायलेलं गाणं काहीतरी मागतं, लपवतं, पटवतं. ते कुणाला तरी उद्देशून असतं. अमेरिकेत 'ओक्लाहोमा!' या १९४३ च्या नाटकाचं मोठेपण सांगताना तिथले समीक्षक हाच मुद्दा मांडतात, की गाणी कथेत मुरली. आपल्याकडे हे साठ वर्षं आधी एका कचेरीतल्या माणसाने केलं होतं.

पण 'शाकुंतल'मध्ये आधार कालिदासाचा होता. खरी परीक्षा 'सौभद्र'ची. त्याचे पहिले तीन अंक १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यात झाले, पाचही अंक पुढच्या वर्षी. कथा महाभारतातली, पण आत शिरलं की वाडा दिसतो. थोरल्या भावाने, बलरामाने, बहिणीचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय. तिचं मन अर्जुनावर. धाकटा भाऊ कृष्ण समोरून विरोध करत नाही, आतून सूत्रं हलवतो. अर्जुन संन्याशाच्या वेषात येतो आणि भाबडा बलराम त्याच्याच सेवेला बहिणीला नेमतो. दुर्योधन सबंध नाटकात रंगमंचावर येतच नाही. खलनायक नसलेलं, घरातल्या घरात घडणारं हे लग्नाचं नाटक आहे.

यातली गाणी तपासायला मी एक साधी युक्ती वापरली. पद झाकायचं आणि त्याच्या आधीचा-नंतरचा संवाद जोडून वाचायचा. नाटकाला भोक पडलं तर पद आवश्यक.

पहिल्या अंकात तीर्थयात्रेवर असलेल्या अर्जुनाला नारद भेटतो आणि आपण द्वारकेला लग्नाला निघालोय असं गाऊन सांगतो. पद हलकंफुलकं, जाता जाता म्हटल्यासारखं. पण त्यातच अर्जुनाला कळतं की लग्न सुभद्रेचं आहे. प्रेक्षकाला ठेका आवडतो त्याच क्षणी नायकाच्या पायाखालची जमीन सरकते. पद झाकलं तर नाटक सुरूच होत नाही.

दुसरं पद सुभद्रेचं, मैत्रिणीपाशी केलेलं. आता शरण जायचं तरी कुणाला, हा तिचा प्रश्न. गाण्याच्या मैफिलीत हे करुण रसाचं पद म्हणून येतं आणि गायिका त्या प्रश्नावर बराच वेळ रेंगाळते. संहितेत मात्र सुभद्रा रडत बसत नाही, ती हिशोब देते. नातलगांना सांगून झालं, उपयोग नाही. आईवडिलांना दिसतंय, पण त्यांचं काही चालत नाही. एरवी हात जोडून पुढे असणारे यादव आता उलटलेत. एकेक दार वाजवून परत आलेल्या मुलीची ही यादी आहे. यादी संपते तेव्हा कुणी उरलेलं नसतं, म्हणून तो प्रश्न. यादी न ऐकता नुसता प्रश्न आळवला तर हुंदका मिळतो, सुभद्रा हातची निसटते.

तिसरं, कृष्णाने रुक्मिणीला पहाट झाल्याचं दाखवणारं. आज आपण ते देसकारात ऐकतो, म्हणजे सकाळच्याच रागात. १८८२ साली रंगमंचावर विजेचे दिवे नव्हते. रात्र सरून उजाडतंय हे दाखवायला बटण नव्हतं. अण्णासाहेबांनी ते काम गाण्याला दिलं. वरून तो उजेड दोन माणसांच्या संसारातला आहे, नवरा बायकोला म्हणतोय, बघ, उजाडलं. एका पदात वेळ, प्रकाश आणि त्या दोघांमधला जिव्हाळा.

तिन्ही ठिकाणी शब्द बोलण्यातले आहेत. अधूनमधून संस्कृत समास येतात, पण वाक्याचा कणा घरातल्या मराठीचा. गाणं कुठे सुरू झालं हे काही जागी वाचताना कळतच नाही. गीतकार आणि संगीतकार एकच असण्याचा फायदा तो हा. शब्द आधी की चाल आधी, असं भांडण एकाच डोक्यात मिटतं.

आता चालींकडे येऊ. जुन्या छापील प्रतीत प्रत्येक पदाच्या डोक्यावर एक बारीक ओळ असते, 'चाल' म्हणून. पुढे त्या काळी लोकांना ठाऊक असलेल्या एखाद्या गाण्याचा निर्देश. कुठे कानडी, कुठे हिंदुस्थानी, कुठे लावणी, कुठे बायकांच्या ओठांवरलं गाणं. शिवाय कीर्तनातून आलेल्या साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत. म्हणजे अण्णासाहेबांनी नव्या चाली फारशा बांधल्या नाहीत. त्यांनी कानात असलेल्या चाली निवडल्या आणि कोणती कुणाला द्यायची ते ठरवलं. काहींना यात कमीपणा वाटेल. मला वाटतं, इथेच त्यांचं नाटककारपण आहे. पुराणातली राजकन्या शेजारच्या घरातल्या चालीत बोलली तर प्रेक्षक तिला परकी मानत नाही. मिरांडाने पुढाऱ्यांना रॅप दिलं त्यामागचा विचार फार वेगळा नव्हता.

आणि तरीही त्या 'चाल' नावाच्या ओळीपाशी मी अडखळतो. ती एका अर्थी प्रामाणिक आहे. उसनं घेतलं हे छापून सांगितलंय. आजच्या कित्येक संगीतकारांना एवढंही जमत नाही. पण त्या ओळीत गाण्याचं नाव असतं, गाणारीचं नसतं. लावणीची चाल वाड्यातल्या प्रेक्षकाला चालली, लावणी गाणारी बाई त्या रंगमंचावर चालली नसती. तिथे स्त्रीच चालत नव्हती. शकुंतला शंकरराव मुजुमदारांनी केली, सुभद्रा भाऊराव कोल्हटकरांनी. चाल वर गेली, माणूस खालीच राहिला. अण्णासाहेबांच्या काळाचा हा दोष होता हे खरं. पण सूत्रधाराकडून गाणं काढून घेण्याचं धाडस ज्याच्यात होतं, त्याच्याबाबतीत हे नोंदवायला हवं.

भाऊराव कोल्हटकर हे प्रकरण तर पुढच्या सगळ्या इतिहासाची नांदी आहे. १८८२ साली बडोद्याहून आलेला हा देखणा मुलगा, चढ्या आवाजाचा. त्याच्या गळ्यामुळे 'सौभद्र' गाजलं आणि लोक सुभद्रेला नाही, भाऊरावांना ऐकायला येऊ लागले. अण्णासाहेबांनी गाणं पात्राला दिलं होतं. त्यांच्या डोळ्यांदेखत ते गायकाकडे सरकू लागलं, आणि तो गायक त्यांनी स्वतःच निवडून आणला होता. ते गेल्यावर हा प्रवाह थांबला नाही. १९११ च्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंब्यांनी आणि १९१६ च्या 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखल्यांनी रागदारीच्या चाली दिल्या. बालगंधर्वांना वन्स मोअर मिळत राहिले, प्रयोग पहाटेपर्यंत चालले. संगीत म्हणून हे वैभव होतं आणि त्याला नावं ठेवायची माझी लायकी नाही. नाटक म्हणून मात्र रुक्मिणी कोचावर वाट पाहू लागली ती तेव्हापासून. पुढे ग्रामोफोनने तीन मिनिटांची तबकडी आणली आणि पद नाटकापासून कायमचं सुटं झालं. आमच्या पिढीला नाट्यसंगीत कळलं ते 'बालगंधर्व' आणि 'कट्यार काळजात घुसली' या दोन सिनेमांतून. दोन्ही सिनेमे गायकांबद्दल आहेत. तेव्हा नाट्यपद म्हणजे गळ्याची करामत, असं आम्हाला वाटलं तर त्यात नवल नाही.

अण्णासाहेबांचा खरा वारसा मला दुसरीकडे दिसतो. बेळगावात त्यांच्या सहवासात आलेला आणि त्यांच्या मंडळीत वाढलेला एक तरुण होता, गोविंद बल्लाळ देवल. तो वारसा समजून घ्यायला आधी 'सौभद्र'मधली एक उणीव बघावी लागते. सुभद्रेला गाणी मिळाली, पण निर्णय मिळाला नाही. बलराम तिला न विचारता लग्न ठरवतो. कृष्णही तिला विश्वासात घेत नाही, त्याच्याच बेतातून घटोत्कच तिला उचलून नेतो. तिच्या मनासारखं होतं, पण तिच्या हातून काही होत नाही. १८८२ सालीच, याच पुण्यात, ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' छापलं गेलं. बाईच्या वाट्याला आलेल्या अन्यायाचा जाब त्यात थेट पुरुषांना विचारला होता. एकाच गावात, एकाच वर्षी, एक बाई स्वतःच्या नावाने बोलत होती आणि एक पुरुष साडी नेसून बाईची व्यथा गात होता. या दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. पण 'सौभद्र' वाचताना आता मला ते दुसरं पुस्तक शेजारी ठेवल्याशिवाय राहवत नाही.

देवलांनी १८९९ साली 'शारदा' आणलं. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचं नाटक. त्यात कृष्ण नाही, द्वारका नाही, पुराणाची शाल नाही. पण हत्यार गुरूचंच. गाणं त्या मुलीच्या तोंडी, तिच्या बोलीत, ऐन अडचणीच्या क्षणी. सुभद्रेची यादी शारदेपर्यंत पोचली तेव्हा ती थट्टेच्या नाटकातली राहिली नाही, समाजापुढची फिर्याद झाली. अण्णासाहेबांनी पात्राला गायला शिकवलं, म्हणून देवलांना ते पात्र आजच्या घरातलं करता आलं.

आणि ही रेघ तिथेही संपत नाही. २०१७ मध्ये आलेलं प्राजक्त देशमुखांचं 'संगीत देवबाभळी' माझ्या वयाच्या कितीतरी जणांनी पाहिलं. आवली आणि रखुमाई, दोनच बाया, दोघी प्रत्यक्ष गातात. गाणं झाल्यावर त्यांच्यातलं काहीतरी हललेलं असतं. प्रेक्षागृहातून बाहेर पडताना कुणी 'काय तान घेतली' म्हणत नव्हतं. आवलीबद्दल बोलत होतं. 'आपल्याकडे असं काही का नाही?' या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी ऐकत होतो आणि ते १८८० पासून इथेच होतं.

तेव्हा माझी सूचना एवढीच. 'सौभद्र'मधलं एखादं पद कुठल्याही अॅपवर ऐकण्याआधी संहिता उघडा आणि त्याच्या आधीची दोन पानं वाचा. कोण बोलतंय, कुणाशी, काय हवंय, एवढं बघा. मग पद लावा. ताना येतील तेव्हा येऊ देत, पण मनात रुक्मिणीकडे लक्ष ठेवा. सगळ्या बारकाव्यांसह वाचायला 'सौभद्र'ला फार वेळ लागत नाही. मला वाकड ते फेज तीन अशा चार फेऱ्या लागल्या, आणि त्यातल्या एका दिवशी पाऊस होता.

मध्यंतरात सोडलेला तो प्रयोग पुन्हा लागला की मी जाणार आहे. रुक्मिणीचं पुढे काय होतं, ते आता मला ठाऊक आहे. तिला ते गाणं ऐकताना बघायचं आहे.